पूर्वपक्ष मुळातून वाचा

अभ्यासवर्गासाठी केलेली तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांची यादी नुकतीच माझ्या हाती आली. ज्ञानमीमांसेच्या सदरात एकच ग्रंथ : लेनिनचा १९०९ सालचा ‘मटीरियालिझम अँड एम्पिरिओ-क्रिटिसिझम’. बर्क्ले, ह्यूम, माख यांपैकी कोणीही नाही. का, असे विचारता उत्तर मिळाले : लेनिनने त्यांचे खंडन केलेच आहे, मूळ ग्रंथांत वेळ कशाला दवडायचा?

खंडनकाराच्या तोंडून प्रतिपक्ष ऐकणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चार्वाकांचे ग्रंथ लुप्त झाले. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’त त्यांचे मत पहिल्या प्रकरणात येते आणि दुसऱ्यात बौद्धांकरवी त्याचा समाचार घेतला जातो. या अन्यायाविरुद्ध आपण व्याख्याने झोडतो, ती योग्यच. पुढे १९४० साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जयराशि भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ छापला गेला. चार्वाक प्रत्यक्ष तेवढे प्रमाण मानतात, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. जयराशि प्रत्यक्षालाही सोडत नाही. तो चार्वाक होता की नाही, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण मूळ ग्रंथ हाती आला म्हणून तर वाद घालता आला! माखचे ग्रंथ लुप्त झालेले नाहीत. आपणच ते लुप्त मानून चाललो आहोत.

लेनिनवर माझा रोख नाही. १९१४ साली महायुद्ध पेटले असताना तो बर्नमध्ये हेगेलचे तर्कशास्त्र मुळातून वाचीत, टिपणे काढीत बसला होता. त्याच्या अनुयायांना मात्र एवढी सवड नसते!

माझ्या मते आरंभ ह्यूमच्या १७४८ सालच्या ‘एन्क्वायरी’पासून करावा. मग बर्क्लेचे १७१३ सालचे तीन संवाद, आणि त्यानंतर लेनिन. कांटचा १७८१ सालचा ग्रंथ नवशिक्याच्या हाती देऊ नये. चाळीस पानांत तो तत्त्वज्ञानालाच रामराम ठोकतो. (मीही एकदा ठोकला होता.) आजवर जे घडत आले ते उद्याही घडेल, हे आपण कशाच्या बळावर मानतो, असे ह्यूम विचारतो. ही बूर्झ्वांची बौद्धिक चैन आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या निवडणुका आठवाव्यात. मैदान भरले, म्हणजे मतपेटीही भरली, या अनुमानापायी आपण किती अनामत रकमा गमावल्या, तो हिशेब मांडण्याचे धैर्य अर्थशास्त्राच्या या निवृत्त मास्तराला होत नाही.

‘एन्क्वायरी’चे चौथे प्रकरण लहानसे आहे. पुढील वर्गासाठी त्याच्या छायाप्रतींचा खर्च मी सोसेन.