इंजिन नाही, तरी ताशी 100 किमी! विंडसर्फिंगमधल्या वेगामागे वारा किती आणि खोदकाम किती?

पायाखाली एक फळी, हातात शीड आणि वेग एक्सप्रेसवेवरच्या गाडीइतका. डिसेंबर 2021 मध्ये ब्योर्न डंकरबेक यांनी फ्रान्समधल्या ला पाल्म इथे ताशी 103 किमीपेक्षा जास्त वेग गाठला. विंडसर्फिंगमध्ये शंभरी ओलांडली गेली, तीही वयाच्या 52 व्या वर्षी.

पण त्याआधी 2015 मध्ये आंत्वान आल्बो यांनी नामिबियातल्या ल्युडेरित्झ इथे जागतिक विक्रम केला होता. त्यांचा आकडा होता 53.27 नॉट, म्हणजे ताशी साधारण 98.7 किमी. मग डंकरबेक यांनी तो विक्रम मोडला का?

तर नाही. हे दोन आकडे वेगवेगळ्या मापाचे आहेत.

मोजतात कसं?

डंकरबेक यांचा आकडा जीपीएसवर नोंदलेला कमाल वेग आहे, म्हणजे काही क्षणांपुरता. आल्बो यांचा आकडा मात्र सलग 500 मीटरची सरासरी आहे. वर्ल्ड सेलिंग स्पीड रेकॉर्ड कौन्सिल ही 1972 पासूनची संस्था तीच मान्य करते. इतक्या वेगात 500 मीटरला जेमतेम 18 सेकंद लागतात. पण मधे एकदा जरी फळी उसळली तरी सरासरी गडगडते. म्हणून शंभरीच्या बातमीत मजा असली, तरी कस लागतो तो 500 मीटरमध्येच.

मग जोराचा वारा आला की झालं?

इथेच गोची आहे. वेगासाठी वादळी वारा हवा, पण वादळी वाऱ्याने पाणी खवळतं आणि खवळलेल्या पाण्यावर फळी टिकत नाही. वारा पाठीवर घेऊन सरळ पळायचं म्हटलं, तर वाऱ्याच्या पुढे जाताच येत नाही, कारण वाऱ्याच्या वेगाला पोहोचलं की शिडाला वारा लागणंच बंद होतं. त्यामुळे वारा पाठीमागून तिरका घेतात. दुचाकी पळवताना हवा थांबलेली असली तरी तोंडावर वारा लागतो, तसाच फळीच्या वेगामुळे शिडाला जादा वारा मिळतो. अर्थात हे गणित जमायला खालचं पाणी सपाट लागतं.

समुद्रात असं पाणी कुठे मिळणार? म्हणून माणसांनी ते तयार केलं. फ्रान्समधल्या सँत-मारी-द-ला-मेर इथल्या अशाच कालव्यात 1988 मध्ये एरिक बील यांनी 40.48 नॉटचा वेग गाठला. शिडावर चालणाऱ्या कोणत्याही साधनाने 40 नॉट ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. मोठमोठ्या शिडाच्या बोटी मागे पडल्या आणि एका फळीने बाजी मारली! 2005 मध्ये तिथेच फिनियन मेनार्ड यांनी 48.70 नॉट गाठले.

ल्युडेरित्झची गंमत अशी, की तिथे वाळवंट समुद्राला भिडतं आणि वारा बेफाम असतो. तिथला कालवा अरुंद आहे आणि स्थानिक वाऱ्याला नेमका हवा तेवढा तिरका खोदलेला आहे. वारा येतो त्या बाजूचा काठ अगदी जवळ असल्याने लाटा उठायला जागाच उरत नाही. पण किनाराही तितकाच जवळ! इथे तोल गेला तर माणूस पाण्यात पडेलच असं नाही, काठावरही आदळू शकतो.

हा खेळ की स्थापत्यशास्त्र, असा प्रश्न कुणाला पडला तर तो चुकीचा नाही. खुल्या समुद्रात असे आकडे येणं जवळपास अशक्य आहे. पण धावपटूंसाठीही सिंथेटिक ट्रॅक बनवतातच की.

आणखी वेग का वाढत नाही?

अडचण फळीखालच्या फिनची, म्हणजे पाण्यात बुडालेल्या छोट्या पात्याची आहे. साधारण 50 नॉटच्या आसपास पात्याच्या एका बाजूला दाब इतका कमी होतो की तिथलं पाणी अक्षरशः उकळून वाफेचे बुडबुडे होतात. मग पात्याची पकड सुटते. जोर, अनुभव, मोठं शीड यातलं काहीच तिथे कामाला येत नाही.

यावरचा तोडगा फळीवाल्यांनी नाही, एका विचित्र दिसणाऱ्या बोटीने काढला. नोव्हेंबर 2012 मध्ये नामिबियातल्याच वॉल्विस बे इथे पॉल लार्सन यांची सेलरॉकेट 2 ही बोट 500 मीटर 65.45 नॉटने, म्हणजे ताशी 121 किमीने धावली. तिचं पातं बुडबुडे टाळण्यासाठी नव्हे, तर बुडबुड्यांतच काम करण्यासाठी घडवलेलं होतं.