‘चोर बीटी’ला पावती नसते

जून तोंडावर आला की विदर्भ-मराठवाड्यातून एक बातमी हमखास येते. कृषी विभागाच्या पथकाने अमुक गावात धाड टाकली, इतक्या लाखांचं अनधिकृत कापूस बियाणं जप्त केलं. आपण हेडलाइन वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण दरवर्षी धाडी पडतात आणि तरीही तेच बियाणं पुन्हा शेतात उगवतं, याचा अर्थ काय?

या बियाण्याचं कागदोपत्री नाव एचटीबीटी. गावात त्याला सरळ ‘चोर बीटी’ म्हणतात. सरकारची परवानगी नाही, कंपनीचा शिक्का खरा असेलच असं नाही, पण मागणी मात्र भरपूर. जीएम पिकं चांगली की वाईट, यावर कॉलेजच्या डिबेटमध्ये दोन्ही बाजूंनी जोरात बोलता येतं. महाराष्ट्रात मात्र खरा पेच वेगळा आहे. कायदा ‘नाही’ म्हणतोय, शेत ‘हो’ म्हणतंय आणि दोघांच्या मध्ये सापडणाऱ्या माणसांना कुणी विचारतच नाही.

आधी बीटी, मग एचटीबीटी

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू असतो. त्याचा जीन कापसात घातला की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं आणि ते खाल्लं की बोंडअळी मरते. हा बीटी कापूस. त्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जीन असलेलं बोलगार्ड-२ हे वाण २००६ मध्ये आलं. आज देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे.

फायदा झाला नाही असं नाही. २००२-०३ मध्ये देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता, २०१३-१४ मध्ये ३९८ लाख. सगळं श्रेय जीनला देता येणार नाही. पाणी, खत आणि वाढलेलं क्षेत्र हेही त्यात आलं. पण अळीवरच्या फवारण्या सुरुवातीला नक्की कमी झाल्या.

मग गुलाबी बोंडअळी शहाणी झाली. बीटीच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या, म्हणजे अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढली नसती. लहान शेतकऱ्याला ती जागा वाया गेल्यासारखी वाटली, म्हणून त्या ओळी बहुतेकांनी लावल्याच नाहीत. त्यात फरदड घ्यायची सवय. हंगाम संपल्यावरही उभ्या कपाशीत अळीला महिनोन्‌महिने खायला मिळत राहिलं. २०१७ मध्ये राज्यात बोंडअळीने हाहाकार उडवला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. फवारण्या कमी करायला आलेल्या पिकात ही वेळ यावी, हे विसरता येत नाही.

एचटीबीटीत आणखी एक जीन असतो, ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारा. फवारलं की तण जळतं, कपाशी उभी राहते. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हा जीन तणाचा प्रश्न सोडवतो, अळीचा नाही. बोंडअळीसाठी यात जुनेच बीटी जीन आहेत आणि त्यांना ती आधीच दाद देत नाही.

शेतकरी का घेतो?

कारण त्याचं गणित साधं आहे. पाऊस लागून राहिला की डवरणी होत नाही आणि तण कपाशीच्या वर जातं. निंदणाला बायका हव्यात, पण त्या गावातल्या सगळ्यांनाच एकाच आठवड्यात हव्या असतात. मिळाल्या तरी मजुरी जड जाते. कोरडवाहू शेतकऱ्याला तणनाशकाचा एक पंप स्वस्त वाटला, तर त्यात नवल काय!

म्हणूनच जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेने जाहीरपणे एचटीबीटी पेरलं आणि त्याला सविनय कायदेभंग म्हटलं. पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षं कैद आणि एक लाख रुपये दंडाची तरतूद होती. गुन्हे दाखल झाले, पण बियाणं थांबलं नाही.

पावती नाही, म्हणजे हक्क नाही

बोलगार्ड-२च्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६च्या हंगामात ती ९०१ रुपये होती. पाकिटावर लॉट नंबर असतो, उगवणीची टक्केवारी असते. बियाणं उगवलं नाही तर पावती घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, पंचनामा होतो, ग्राहक आयोगात दाद मागता येते.

चोर बीटीला यातलं काहीच लागू नाही. पाकिटात नक्की काय आहे, हे विकणाराही छातीठोकपणे सांगू शकत नाही. उगवलं नाही, फवारल्यावर कपाशीच जळाली, तर तक्रार कुणाकडे करणार? दुबार पेरणीचा खर्च स्वतःच्या खिशातून. बंदीने बियाणं थांबवलं नाही, शेतकऱ्याचं संरक्षण मात्र काढून घेतलं.

निंदणारीला कुणी विचारलं?

या वादात शेतकरी बोलतो, कंपनी बोलते, शास्त्रज्ञ आणि कार्यकर्तेही बोलतात. निंदायला जाणारी बाई मात्र कुठेच दिसत नाही. भूमिहीन घरातल्या बाईसाठी निंदण म्हणजे पावसाळ्यातला हातात येणारा पैसा. घरी जाताना ती शेळीला चारा नेते, चिवळ, तांदुळजा अशी भाजी नेते. तणनाशकाच्या लेखी हे सगळं तणच!

दिवसभर वाकून निंदणं हे काही सुखाचं काम नाही, त्याचे गोडवे गायला नकोत. पण ते काम गेलं तर त्याऐवजी काय, हे कुणी ठरवलंय का?

दुसरी गोष्ट तुरीची. विदर्भात कपाशीच्या मध्ये तुरीच्या ओळी असतात. कापूस गेला तरी घरात डाळ येते आणि चार पैसे हाती येतात. ग्लायफोसेटला तूर ओळखता येत नाही. शेतात फक्त कापूस उरला की सगळी जोखीम एकाच पिकावर. वारा सुटला तर शेजाऱ्याचं पीकही गेलं. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं. अमेरिका, युरोपच्या नियामकांचं मत वेगळं आहे. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फत करण्याची अधिसूचना काढली. असा परवानाधारक बोलावून फवारणी करून घेणारा कापूस उत्पादक कुणी पाहिलाय?

दिल्लीत काय चाललंय?

२०१० मध्ये बीटी वांग्याबाबत निर्णय घेण्याआधी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि मग स्थगिती दिली. निर्णय पटो न पटो, लोकांना विचारलं तरी होतं. जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये सशर्त मंजुरी मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही, पण जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवं, हे दोघांनीही सांगितलं. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर झाल्या. त्यांत बाहेरचा जीन नसल्याने २०२२ पासून अशा पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट आहे. म्हणजे तंत्रज्ञान पुढे निघालंय आणि धोरण अजून वाटेत आहे.

एक पर्याय तर जीनच्या वादाबाहेरचाही आहे. भारतातला बीटी कापूस जवळपास सगळा संकरित, त्यामुळे बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात सरळ वाण पेरतात. असं बियाणं राखून ठेवता येतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कमी दिवसांत येणाऱ्या सरळ वाणांवर आणि सघन लागवडीवर काम केलंय. पीक लवकर निघालं की बोंडअळीचा मुक्कामही कमी होतो. यावर कुठे डिबेट होताना दिसत नाही!

‘आम्ही कुठे जीएम खातो?’ असं शहरात बसून म्हणणंही सोपं आहे. पण सरकीचं तेल खाण्यात येतं, सरकीची पेंड दुभत्या जनावरांना जाते आणि अंगातला टी-शर्ट तर कापसाचाच. त्यामुळे हा विषय आपलाही आहे.

एचटीबीटीला परवानगी द्यायची असेल तर चाचण्यांचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवून द्या, जबाबदारी कुणाची हे लिहून द्या. द्यायची नसेल तर वेळेवर निंदण कसं होईल, याचं उत्तर द्या. हंगामात निंदणाच्या मजुरीला सरकारी मदत का मिळू नये? आणि निर्णय कुठलाही असो, सुनावणीत एक खुर्ची निंदणाऱ्या बाईसाठी ठेवा. नाहीतर पुढच्या जूनमध्येही धाडीची हीच बातमी येईल, फक्त गावाचं नाव बदललेलं असेल.