टॅक्सीवाल्याची कीव

उमऱ्याला गेलो तेव्हाची गोष्ट. जेद्दाहून मक्केला जाताना टॅक्सीवाल्याने अब्बांना विचारले, "चाचा, हिंदुस्तान में आप लोगों को अज़ान देने देते हैं?" गडी पाकिस्तानी पंजाबातला. आखातात नोकरी केलेल्या आपल्या कोकणी माणसांना हा प्रश्न पाठ आहे. अब्बा "सब ठीक है" म्हणाले. धंदा विचारला तेव्हा "टेम्पो है, माल ढोते हैं." कसला माल, ते गिळून टाकले.

माल म्हणजे गणपती. आमचे जोहे मूर्तींच्या कारखान्यांचे गाव. वीस वर्षे पेंढ्यात बसवून मूर्ती मुंबईला सुखरूप पोहोचवणारे अब्बा तिथे स्वतःची भाकरी लपवत होते!

मला राग आला तो आपल्या ठरीव उत्तरांचा. एक 'सब ठीक', दुसरे रडगाणे. आपल्यातले कित्येक जण परक्याची कीव मिळते म्हणून ते रंगवून गातात. १९९२ ठीक नव्हते, २००२ ठीक नव्हते. २०१९ च्या नागरिकत्व कायद्यात सहा धर्मांची नावे आहेत, मुसलमानाचे नाही, हे ठीक नाही. बी.एड.ला असताना नाव ऐकून मला भाड्याची खोली नाकारली गेली. हे मी इथे स्टाफरूममध्ये बोलतो, तिथे का लपवू? पण गणपतीचा टेम्पो तरी का लपवू? रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळाले ते अंतुले मुख्यमंत्री असताना, हे का सांगू नये? मौलाना आझाद १८८८ मध्ये त्याच मक्केत जन्मले आणि हिंदुस्तानचे पहिले शिक्षणमंत्री झाले, हे आपण वर्गात शिकवतो. टॅक्सीत बसलो की विसरतो.

टॅक्सीवाल्याला वाटते, मी चुकून हिंदुस्तानात राहिलो. मॅचच्या दिवशी "तुम्ही कुणाकडून?" विचारणाऱ्या इथल्या गृहस्थालाही तेच वाटते. एक कीव करतो, दुसरा संशय घेतो. १९७१ मध्ये ढाक्यात मुसलमानांवर फौज कुणाची चालून गेली, हे टॅक्सीवाल्याला विचारावेसे वाटले. अब्बांच्या डोळ्यांकडे पाहून गप्प बसलो. मात्र टेम्पोत काय असते ते सांगितले. खोलीचेही सांगितले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भाड़ा कितना मिलता है, चाचा?"

अब्बा सावरून बसले आणि मक्का येईपर्यंत डिझेलच्या भावावर बोलत राहिले.