शेवटची गाडी साडेचारची

आमच्या गल्लीतली एक मुलगी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झाली आणि एम.एस्सी.साठी नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनला गेली. परवा तिचा आईला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मीही तिथंच होते. प्रयोगशाळा, ग्रंथालय, थंडी, स्वतः लाटलेल्या पोळ्या असं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, इथली पोरं रोज घरून येणं-जाणं करतात, अन् त्यांना भाडंच पडत नाही." बाकीचं मी घरी येईपर्यंत विसरले. भाड्याचं डोक्यात राहिलं.

तिथली पद्धत अशी. डच विद्यार्थ्याला १९९१ पासून सरकार प्रवासाचं कार्ड देतं. सोमवार ते शुक्रवार किंवा शनिवार-रविवार, यातलं एक निवडायचं. त्या दिवसांत रेल्वे आणि बस फुकट. दहा वर्षांत पदवी हातात आली तर तो खर्च माफ, नाही तर कर्ज म्हणून फेडायचा. आपल्याकडून शिकायला गेलेल्यांना हे कार्ड सहसा मिळत नाही, त्यामुळे आमची पोरगी सायकल चालवते. आणि शेतीच्या शिक्षणात जगात नाव असलेल्या या वागेनिंगेनला स्वतःचं रेल्वेस्टेशन नाही. शेजारच्या एडे गावाजवळ उतरायचं आणि पुढचे काही किलोमीटर बसनं जायचं. आपल्याला हे नवं नाही. शकुंतला रेल्वे बंद पडली, वर्ध्याहून नांदेडकडे निघालेली रेल्वे फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली पोरं आजवर शिकली ती एसटीनंच.

आता माझं खरं दुखणं. या सदराचे जुने वाचक जाणतात, बसस्थानकावर गाडीची वाट पाहताना मी शेजारच्याशी बोलल्याशिवाय राहत नाही. गेल्या आठवड्यात तालुक्याच्या स्थानकावर बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शेजारी बसली होती. दुपारचे चार वाजले होते. कॉलेज सुटलं का, असं विचारलं तर म्हणाली, "नाही मावशी, प्रॅक्टिकल चालू आहे. माझी गाडी साडेचारची." त्यानंतर तिच्या गावाला गाडी नाही. काळीपिवळी मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि अंधार पडल्यावर तिनं काळीपिवळीत बसायचं नाही, असं वडिलांनी बजावलेलं.

रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल दुपारी. ब्युरेट धुऊन, द्रावण भरून होईतो हिची निघायची वेळ होते. पुढची रीडिंग मैत्रीण घेते आणि रात्री फोनवर पाठवते, आणि ही मुलगी ते आकडे जर्नलमध्ये उतरवते. जर्नल नीटनेटकं आहे, मी पाहिलं. मग ती म्हणाली, "रंग बदलताना मी अजून पाहिलाच नाही." फिनॉल्फ्थॅलिनचा तो फिकट गुलाबी रंग एका थेंबात येतो. तो येताना बघायचा, नेमक्या त्या थेंबाला हात थांबवायचा, यासाठीच तर ते प्रॅक्टिकल असतं. विज्ञान शाखेची ही विद्यार्थिनी ते फक्त आकड्यात वाचते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

यात सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास अहिल्यादेवी होळकर योजनेतून मोफत आहे. विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. या निर्णयांमुळे कितीतरी पोरींनी उंबरा ओलांडला आणि ते करणाऱ्यांना मी मनापासून धन्यवाद देते. पण मोफत प्रवास बारावीला संपतो. शिक्षण गावातून तालुक्याला जातं ते नेमकं तिथून पुढे. बापाला पोरीच्या पासाचे पैसे पहिल्यांदा मोजावे लागतात त्याच वर्षी तिच्यासाठी स्थळंही यायला लागतात. हा योगायोग ज्या घरात घडतो त्या घरात शिक्षणाचं काय होतं, ते आर्णी-महागावच्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा.

आणि सवलत कितीही दिली तरी गाडी असायला हवी. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, तेव्हाही मी तसंच लिहिलं होतं. पण त्या महिन्यांत बंद पडलेल्या खेड्यांच्या फेऱ्या सगळ्या परत आल्या नाहीत. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येऊन थांबायची, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपायचे, पहाटे तीच गाडी पोरांना घेऊन निघायची. कुणाच्या तरी घरून त्या दोघांना भाकर जायची. ती गाडी गेली तसा पहिला तासही गेला. झरी-जामणी, मारेगावकडच्या गावांत हे जास्त जाणवतं.

त्यात २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्षेत्रप्रकल्प. पोरांना शाखेबाहेरचा विषय घेता येतो, मला ते आवडलं. पण विषय वाढले तसा दिवस लांबला, आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम जसाच्या तसा. जी पोरगी रोज चार वाजता निघते तिची हजेरी कशी भरायची? तिचे सर भले आहेत, मांडून घेतात. सर बदलले तर?

नेदरलँड्सचं कार्ड आपल्याला उद्या परवडेल असं माझं म्हणणं नाही. तिथल्या नायमेखेन शहरात मात्र एक गोष्ट झाली, ती बिनपैशाची आहे. विद्यापीठ आणि त्याच्या शेजारची महाविद्यालयं यांनी सकाळच्या तासांच्या वेळा एकमेकांपासून पुढं-मागं केल्या, म्हणजे सगळी पोरं एकाच गाडीवर तुटून पडू नयेत. शिकवणारे आणि गाड्या सोडणारे समोरासमोर बसले. आपल्याकडे कॉलेजचं वेळापत्रक एका खोलीत तयार होतं, आगाराचं दुसऱ्या खोलीत, आणि दोन्हींत अर्ध्या तासाची फट राहते. त्या फटीत ही पोरगी बसली आहे.

जूनमध्ये, प्रवेश सुरू असतानाच, प्राचार्यांनी आगार व्यवस्थापकांना चहाला बोलवावं. कोणत्या गावची किती पोरं आहेत, ही यादी कॉलेजकडे तयार असते, पासाच्या अर्जांवर गावाचं नाव असतंच. प्रॅक्टिकल सकाळी घेता येईल का, की साडेचारची गाडी सव्वापाचला सोडता येईल, एवढंच ठरवायचं आहे.

वाचकांना एक काम सांगते. तुमच्या गावची शेवटची गाडी तालुक्याहून किती वाजता सुटते आणि तुमच्या मुला-मुलींचा शेवटचा तास किंवा प्रॅक्टिकल किती वाजता संपतं, या दोन वेळा आणि गावाचं नाव एका कागदावर लिहून कार्यालयात पाठवा. पोरांची नावं नकोत. आलेली पत्रं तालुक्यानुसार लावून मी एसटीच्या विभाग नियंत्रकांना भेटणार आहे, आणि ते काय म्हणाले ते इथंच लिहीन.