टीव्ही गेमचा रिमोट: पिन बसते, पण जमते का?

वाचकहो, खेळण्याच्या वस्तूसाठी या सदराची जागा खर्ची घालावी का, असे एखाद्या आजोबांना वाटेल. पण सुट्टी लागली की माळ्यावरचा जुना टीव्ही गेम खाली निघतो, त्याच्या रिमोटची तार तुटलेली असते, आणि घरातले पोर दुसऱ्याच कुठल्या तरी गेमचा रिमोट आणून त्यात खुपसते. पिन सहज बसते. बसली म्हणजे चालणार, असा आपला समज. कधी चालते, कधी काहीच होत नाही, आणि कधी आतली अशी चिप जळते की जी आता कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही. (कंपन्या या वस्तूला कंट्रोलर म्हणतात. मुले रिमोट म्हणतात, आपणही तेच म्हणू.)

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. 1977 साली अटारी कंपनीचा टीव्ही गेम निघाला. त्याला एक काठी आणि एक बटण. प्लगला नऊ भोके, दोन ओळींत, वर पाच आणि खाली चार. आतले काम आपल्या विहिरीवरच्या स्विचइतके साधे. काठी वर ढकलली की एक तार सामाईक तारेला टेकते, खाली ओढली की दुसरी. चार दिशा, एक बटण, एक सामाईक तार, झाले काम. हा साधेपणा पुढे कमोडोरसारख्या कंपन्यांनीही उचलला. त्यामुळे अटारीची काठी 1982 च्या कमोडोर 64 या घरगुती संगणकाला खुशाल लावावी, काही बिघडत नाही.

पुढे बटणे वाढली. 1988 साली जपानमध्ये सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह आला. त्याच्या रिमोटला चार दिशा, तीन बटणे आणि एक स्टार्ट, म्हणजे आठ निरोप. पण प्लग तोच नऊ भोकांचा, आणि निरोप न्यायला तारा फक्त सहा. मग काय केले? पाटाच्या पाण्याची पाळी लावतो, तशी तारांची पाळी लावली. रिमोटमध्ये एक छोटी चिप बसवली. गेमने इशारा केला की त्याच तारांवरून आधी काही बटणे बोलतात, दुसऱ्या इशाऱ्याला उरलेली.

आता हा सेगाचा रिमोट अटारीला लावला तर? चालतो. जिथे सेगा इशारा देतो, तिथे अटारीत कायमचा 5 व्होल्टचा दाब असतो. रिमोटला वाटते एकच पाळी चालू आहे, आणि बी बटण गोळी झाडण्याचे काम करते. पुष्कळ हौशी लोक तसे खेळतात.

हे पाहून कोणी तोच रिमोट कमोडोर 64 ला लावील, तर मात्र थांबावे. त्या संगणकात काठीच्या तारा आणि कीबोर्डच्या तारा एकाच चिपला जोडलेल्या आहेत. अटारीची काठी नुसता स्विच असल्यामुळे गप्प बसते. सेगाच्या रिमोटमधली चिप गप्प बसत नाही, ती तारेवर स्वतःचा दाब देते. संगणकाची चिप त्याच तारेवर उलटा जोर लावते. एका जुवाला दोन बैल पाठमोरे जुंपले तर जू मोडते, तशी ती चिप निकामी होऊ शकते, आणि कीबोर्डही तिच्यावरच असल्याने तोही अडतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी या बाबतीत जास्त शहाणपण दाखवले, असे मला वाटते. मिनिटाला 540 फेऱ्यांच्या नेहमीच्या पीटीओ दांड्याला 6 खाचा असतात आणि त्याच जाडीच्या 1000 फेऱ्यांच्या दांड्याला 21. चुकीचे अवजार बसतच नाही. गेमवाल्यांनी तोंड तेच ठेवले आणि आतले बदलले. ब्रिटनमध्ये 1986 साली निघालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस 2 या संगणकाने तर कमालच केली. प्लग तोच नऊचा, काठीही साधीच, फक्त तारांचा क्रम बदलला! घरातली आधीची चांगली काठी गिऱ्हाइकाला निरुपयोगी झाली.

आपल्याकडे 1990 नंतर बाजारात आलेले कॅसेटवाले टीव्ही गेम पुष्कळांनी पाहिले आहेत. ते बहुतेक 1983 च्या निन्टेंडो कंपनीच्या जपानी गेमची नक्कल होते. यांतल्या अनेकांना तेच नऊ पिनांचे सॉकेट आहे, पण रीत निराळी. इथे शाळेसारखी हजेरी चालते. गेम इशारा देतो, मग एकेक टिचकीला एकेक बटण एकाच तारेवरून ‘दाबलेले’ की ‘मोकळे’ ते सांगते. ठरलेला क्रम असा: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. अशा गेमला अटारीची किंवा सेगाची वस्तू लावू नये. दोन नकली गेमांतही तारांचा क्रम वेगळा असू शकतो, तेव्हा शेजाऱ्याचा रिमोट आणतानाही जपावे.

गंमत म्हणजे याच्या उलटही घडते. निन्टेंडोच्या आधीच्या गेमचा आणि 1990 साली आलेल्या सुपर निन्टेंडोचा प्लग वेगळा, एकमेकांत बसणार नाही. पण हजेरीची पद्धत एकच आहे. पाच तारा नीट जोडल्या की नवा रिमोट जुन्या गेमवर चालतो, मध्ये कसलीही चिप लागत नाही. नव्याच्या हजेरीत पहिला नंबर बी चा आणि दुसरा वाय चा. म्हणून जुन्या गेमला बी हेच ए वाटते आणि वाय हे बी. जुना गेम आठ नावे घेऊन वही मिटतो, पुढची बटणे बोलतच नाहीत.

मग घरी ओळखावे कसे? मोटारीची वायर तपासायचा मीटर असेल तर तो आवाजाच्या खुणेवर ठेवावा. रिमोट कशालाही जोडलेला नसावा. प्लगचे तोंड आपल्याकडे, पाच भोकांची ओळ वर, असा धरला तर उजवीकडून 1 ते 5 आणि खाली उजवीकडून 6 ते 9 असे नंबर येतात. मीटरचे एक टोक 8 ला आणि दुसरे 1 ला लावून काठी वर ढकलावी. आवाज आला, सोडल्यावर थांबला, तर ती अटारीच्या पद्धतीची साधी काठी. मुळीच आवाज नाही, तर आत चिप आहे किंवा क्रम निराळा आहे, असे धरून चालावे आणि तो प्लग परक्या गेमला लावू नये.

अलीकडे मध्ये बसवायचे छोटे दुभाषी डबेही मिळतात. त्यातली चिप एका रिमोटची बोली ऐकून दुसऱ्या गेमच्या बोलीत सांगते. बिनतारी रिमोटसुद्धा त्यातून जुन्या गेमला चालतात. घेताना कुठला रिमोट आणि कुठला गेम, ही दोन्ही नावे दुकानदाराला सांगावीत. ‘नऊ पिनांचा द्या’ एवढ्यावर भागत नाही.

पण पैसे घालण्याआधी मूळ रिमोट एकदा उघडून पाहाच. बहुतेक वेळा तार प्लगपाशी किंवा रिमोटच्या मानेपाशी तुटलेली असते, कारण पोरे तिथेच ओढतात. तुटका तुकडा कापून, रंगाला रंग लावून रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाग द्यावा. बटण दबत नसेल तर खालचा काळा रबरी ठिपका आणि त्याच्या समोरची पट्टी स्पिरिटच्या कापसाने हलक्या हाताने पुसावी. ब्लेडने खरवडू नये, पट्टीवरचा काळा थर निघून जातो.