‘ताबा सुटला’ म्हणजे नेमकं काय सुटलं?

पिकअप उलटली की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली. ‘चालकाचा ताबा सुटल्याने वाहन उलटले.’ पंचनाम्यातही तेच, विम्याच्या कागदातही तेच. चालक दवाखान्यात नाहीतर स्मशानात, त्यामुळे उलट बोलायला कुणी नाही. विषय मिटला.

मला एवढंच विचारायचंय, सुटलं काय? चालकाच्या हातातून स्टेअरिंग सुटलं, की टायरनं रस्ता सोडला?

बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या कुठल्याही पिकअपखाली जरा वाकून बघा. मागचे पाटे मोजा. कंपनीनं दिले त्यापेक्षा दोन-तीन जास्तच निघतील. नवी गाडी आली, नारळ फुटला, की पुढचा मुक्काम थेट पाटेवाल्याकडे. आणि शॉकप? तो मात्र पहिलाच, तेल गळून कोरडाठाक. काहींनी तर ‘आवाज करतो’ म्हणून काढूनच टाकलाय.

असं का, ते एका चालकानं मला एका वाक्यात सांगितलं. ‘भाऊ, पाट्यानं माल वाढतो. शॉकपनं काय वाढतं?’

हिशोब चोख आहे, पण अर्धा आहे. वजन पाटे उचलतात, हे खरं. पण दबलेला पाटा उसळी मारतो. ती उसळी जिरवायचं काम शॉकपचं. त्याच्यातलं तेल बारीक भोकांतून दाबलं जातं आणि उसळीचा जोर तिथं मरतो. तुम्ही पाटे वाढवले म्हणजे उसळीचा जोर वाढवला, आणि जिरवणारा मात्र मेलेला. येताना रिकामी गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की मागचं चाक हवेत. हवेतल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय? मुंबईकडं जाताना त्याच्या उलट. मागं एवढा बोजा की पुढचा भाग उचललेला, स्टेअरिंग हलकं, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. अशा गाड्या रात्री कसारा घाट उतरतात.

आता आपल्या पोरांमध्ये नवीन फॅड आलंय, स्टेअरिंग स्टॅबिलायझरचं. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघायचे आणि मिस्त्रीकडं तसंच मागायचं. तिकडच्या फोर्ड, रॅमच्या थोराड पिकअपांना पुढं सलग ॲक्सल असतो. खड्डा लागला की कधी कधी अख्खं स्टेअरिंग थडथडतं, म्हणून तिथं आडवा शॉकप लावतात. चांगली वस्तू आहे, वाद नाही. पण टायरॉड एंड, बुश, किंगपिन झिजलेले असतील तर स्टॅबिलायझर फक्त ते झाकतो, बरं करत नाही. दुखणाऱ्या दाढेवर गोळी खाण्यासारखं. आधी प्ले काढा, शॉकप बदला, मग पैसे उरले तर हौस करा. आणि पाटे टाकायचेच म्हणत असाल तर त्या पाट्यांना पेलतील असे शॉकप त्याच दिवशी टाका. तरीही गाडीचं पासिंगचं वजन एका किलोनंही वाढत नाही, हे ध्यानात असू द्या.

हे मी चालकांना झोडायला लिहीत नाहीये. हप्ता त्याच्या डोक्यावर, आणि भाडं कॅरेटमागं. वीस किलोचं एक कॅरेट धरा. दीडशे कॅरेट म्हणजे ३ टन माल, तोही दीड-पावणेदोन टनाच्या गाडीत. ‘नाही भरणार’ म्हणाला तर मागचा पिकअपवाला भरायला तयारच असतो. व्यापाऱ्याला हे माहीत आहे. बाजार समितीला तर पावतीसकट माहीत आहे! कांद्याची भरलेली गाडी काट्यावर जाते, रिकामी करून पुन्हा जाते, दोन्ही वजनं छापील येतात. शेजारी आरसी बुक ठेवलं की उत्तर समोर. पण ते शेजारी ठेवायचंच नाही, अशी सगळ्यांची समजूतदार भागीदारी आहे.

आणि आरटीओ? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९८ वाचा. स्टेअरिंगला ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालत नाही. म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत स्टेअरिंग फिरवलं आणि चाक हललंच नाही, तर ती गाडी रस्त्यावर यायलाच नको. मालगाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी पासिंग, नंतर दरवर्षी. मग ही झुलणारी स्टेअरिंगं पास होतात कशी? जादा मालाला कलम १९४ खाली २० हजार आणि वर टनामागं २ हजार दंड आहे, तो भरतो चालक-मालक. माल भरून देणारा व्यापारी मात्र चहा पीत मोकळा.

रस्तेवाल्यांनाही सोडायचं कारण नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्याकडं अपघात झाला की रात्रीतून डांबराचा ढिगारा पडतो, ना पट्टे, ना फलक. कायद्यात कलम १९८-अ आहे, सदोष रस्त्यासाठी ठेकेदाराला आणि यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. आपल्या तालुक्यात तो कुणाला झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलं असेल तर सांगा, पहिल्या पानावर छापू.

याच पिकअपमध्ये उद्या लग्नसराईत वऱ्हाड बसेल, सोंगणीला बायका बसतील. माणसं बसवणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि एसटी किती गावांना जाते हेही.

सोमवारी सकाळी ११ वाजता बाजार समितीच्या सचिवांकडं निवेदन देणार आहे. मागण्या दोनच. काट्याच्या पावतीवर गाडीचं पासिंगचं वजन छापा, आणि जादा भरलेली गाडी गेटबाहेर सोडू नका, व्यापारी कुणीही असो. ज्या चालकांकडं जुन्या पावत्या असतील त्यांनी झेरॉक्स घेऊन या. नाव कुठंही येणार नाही.