चिंचोके, कवड्या आणि भुजंगप्रयात

पदवीच्या वर्गात खेळ म्हणजे पोरकटपणा, असा आपल्याकडे समज आहे. मला तो मान्य नाही. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत, हे विद्यार्थी पाठ करतात. पण ते वृत्त त्यांच्या कानी पडलेले नसते. म्हणून मी लघूसाठी चिंचोके आणि गुरूसाठी कवड्या वाटल्या. चरणात 12 अक्षरे, 4 य-गण. प्रत्येक गण म्हणजे चिंचोका, कवडी, कवडी. एरवी गप्प बसणारी एक विद्यार्थिनी स्वतः रचलेल्या ओळीत तिसऱ्या गणाशी थबकली. म्हणाली, “सर, इथं चिंचोका हवा होता, कवडी पडली.” तिने शब्द बदलला. बक्षिसाचे आमिष नव्हते; चूक तिची तिलाच सापडली होती. वृत्ताचे लक्षण त्यानंतर सांगावे, आधी नव्हे.